पहिला चिनूक, हळद-मीठ आणि डोरीनचं लॉज

"मासे धरायला चाललाय की पोरीला धरून आणायला?" सुनंदानं जिन्यावरून विचारलं.

मी बेसमेंटमध्ये टेबलावर जाहिरातींचे फ्लायर पसरून गळाचं रीळ उघडून बसलो होतो. हात ग्रीसनं माखलेले. "मासे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि वर गेली. तिच्या या 'बरं'ला आमच्या घरात फार अर्थ आहेत. त्यातला 'तुमचं म्हणणं पटलं' हा नाही.

झालं होतं असं. आमची एकुलती एक मुलगी केतकी. कॉम्प्युटर इंजिनिअर, कनाटा गावी टेलिकॉममध्ये चांगली नोकरी, पार्किंगसकट. ती सोडून तिनं स्वयंपाकाचा कोर्स केला आणि यंदा ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर, जिथं रस्ताच जात नाही अशा एका फिशिंग लॉजवर मुख्य स्वयंपाकी म्हणून रुजू झाली. पण पहिला आठवडा ट्रायल. मे महिन्याच्या शेवटी सामन माशाचा सीझन उघडतो, पहिले पाहुणे येतात. त्या आठवड्यात मालकिणीला काम पसंत पडलं तर सप्टेंबरपर्यंत नोकरी, नाहीतर त्याच पाहुण्यांबरोबर परतीचं विमान. परतीची एक सीट तिच्या नावानं राखूनही ठेवली होती. मी नेमका त्याच आठवड्याचा पाहुणा म्हणून पैसे भरले.

तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी तारीख विचारली. मग म्हणाली, "ये. पण गेस्ट म्हणून ये, बाबा. इन्स्पेक्टर म्हणून नको."

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. मी रेवदंड्याचा. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. कॅनडाचा व्हिसा मिळाला तो सुनंदाच्या नर्सिंगच्या शिक्षणावर. ब्रॅम्पटनच्या वेअरहाउसमध्ये पॅकिंगची मशिनं मी मॅन्युअल वाचून वाचून दुरुस्त करायला शिकलो, आज त्या खात्याचा सुपरवायझर आहे. सामनची मासेमारीही तशीच: लायब्ररीतली पुस्तकं आणि क्रेडिट नदीच्या काठी लोकांच्या हातांकडे बघत काढलेले रविवार. मला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे कोणी चुकीचंही शिकवलेलं नाही, असं मी म्हणतो. केतकीच्या डिग्रीची फ्रेम मी स्वतः केली, मेपलच्या लाकडाची, कोपऱ्यात नखसुद्धा शिरणार नाही अशी. तेव्हा ती डिग्री भिंतीवर आणि पोरगी लॉजच्या भटारखान्यात, हे मला कसं वाटत होतं ते तुम्ही समजू शकता.

जाण्याआधी

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. खाऱ्या पाण्याचं लायसन्स ऑनलाइन मिळतं. पकडलेला सामन सोडून न देता ठेवायचा असेल तर त्यावर वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो, तो विसरू नका. गळाला उलटा काटा चालत नाही. असलेला काटा पकडीनं दाबून सपाट केला तरी चालतो, पण कापसाच्या बोळ्यावर ओढून बघा, धागा अडकला तर तो सपाट झालेला नाही. चिनूक, म्हणजे सामनची सर्वांत मोठी जात, ठेवलात की त्याची नोंद तिथल्या तिथं करायची, किनाऱ्यावर आल्यावर नाही. लॉजचा खर्च ऐकून सुनंदा म्हणाली की एवढ्यात आपण रेवदंड्याला जाऊन, राहून, सगळ्या नातेवाइकांना सुरमई खायला घालून येऊ. हिशेब बरोबर होता. लॉजच्या पैशांत राहणं, जेवण, बोट, गाइड, रेनकोट आणि बूट सगळं येतं. टिप मात्र वेगळी.

स्वतःचे रॉड नेऊ नका. मी नेले, आणि पुढच्या छोट्या विमानात लांब रॉड घेत नाहीत म्हणून व्हँकूव्हरच्या हॉटेलातच ठेवावे लागले.

टोरंटो ते जेटी

टोरंटोहून व्हँकूव्हर, तिथं एक रात्र, सकाळी छोट्या विमानानं पोर्ट हार्डी. पोर्ट हार्डीला पाण्यावर उतरणारं विमान. इथं सामान मऊ बॅगेतच हवं, आणि बॅगेबरोबर तुमचंही वजन करतात. काट्यावर उभा राहिलो तेव्हा माझ्यामागचा लाल टोपीवाला धिप्पाड माणूस म्हणाला, "बघू नकोस रे त्या आकड्याकडे, मी तर डोळे मिटून चढतो." हा गॉर्ड. आल्बर्टातला शेतकरी, आठवडाभर माझा बोटीतला जोडीदार. माझी बॅग मर्यादेबाहेर भरली. वैमानिकानं विचारलं, काय काढणार? मी स्वेटर काढला. सुनंदानं दिलेली पुरचुंडी, म्हणजे घरची हळद, मसाला आणि आमसुलं, ठेवली. स्वेटर परतताना मिळाला. थंडीनं मधले दिवस कसे काढले ते विचारू नका. तुम्ही मसाला ठेवा, पण स्वेटर अंगात घालून काट्यावर चढा. वजन तेवढंच भरतं, पण अंगावरचं काढायला कोणी सांगत नाही.

विमान खाली इतकं जवळून जातं की सीडरच्या झाडांच्या शेंड्यांवर बसलेले गरुड वरून दिसतात. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, वाळू नावाला नाही. आमच्याकडे समुद्र म्हटला की पुळण आलीच; इथं झाडाची मुळंच भरतीत पाय बुडवून बसलेली. खाडीच्या एका वळणावर लॉज दिसलं. ते जमिनीवर नाहीच. प्रचंड ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधलेली लाकडी घरं, आणि सगळं मिळून पोलादी दोरखंडांनी कड्याला बांधलेलं. भरतीला वर, ओहोटीला खाली. पहिल्या दिवशी पायऱ्या मोजून उतरू नका. संध्याकाळी त्या पायऱ्यांचा चढ झालेला असतो.

जेटीवर केतकी उभी होती. पांढरा कोट, केस टोपीत. पाहुण्यांशी ओळीनं हात मिळवत आली: "वेलकम, आय ॲम केतकी, आय विल बी कुकिंग फॉर यू." माझ्याशीही हात मिळवला. वाक्य तेच. मीही म्हणालो, "नाइस टू मीट यू." मग हात न सोडता ती खाली वाकल्यासारखं करून कुजबुजली, "आईनं काय पाठवलंय?"

"पुरचुंडी."

"कोकम आहे?"

"आहे."

"गुड. आता गेस्टसारखा चेहरा कर."

डोरीन

लॉजची मालकीण डोरीन. साठीच्या पुढची, बुटकी, मागे एकच जाड वेणी. तिचं माहेर समोरच्या खाडीतल्या, इथल्या मूळ रहिवाशांच्या गावातलं. तिथले लोक या पाण्यावर किती पिढ्या आहेत हे विचारल्यावर तिनं नुसता डोंगराकडे हात केला. कमी बोलते. संध्याकाळी सगळ्यांना बसवून तिनं नियम सांगितले: लाइफजॅकेट, रेडिओ, धुकं आलं तर काय. आणि शेवटी म्हणाली, "सीझनचा पहिला चिनूक कोणीही पकडो, तो कोणाच्याही फ्रीझरमध्ये जात नाही. तो त्या रात्री सगळ्यांनी मिळून खायचा."

तिनं आम्हाला सांगितलं ते एवढंच. बाकीचं, म्हणजे तो मासा कसा उघडायचा आणि नंतर काय करायचं, ते पाहुण्यांना सांगायची गरज नसते. ते काम स्वयंपाकघराचं. हे वाक्य मी आत्ता सहज लिहितोय, पण त्यावर पुढचं सगळं घडलं.

पहिला मासा

सकाळी आमचा गाइड आला, नाव वेड, चाळिशीचा, ओठात काडी. त्यानं हेरिंगचं, म्हणजे आमिषाच्या छोट्या माशाचं, डोकं तिरकं छाटलं आणि ते पाण्यात ओढून दाखवलं. छाट बरोबर असेल तर मेलेलं हेरिंग जखमी माशासारखं गिरक्या घेतं, चुकली तर चमच्यासारखं नुसतं हलतं. मी म्हणालो, मला दे. दोन हेरिंग वाया घालवली, तिसरं फिरलं. वेडनं काडी एका कोपऱ्यातून दुसऱ्यात नेली. मी ती शाबासकी समजलो.

इथल्या रिळाला गिअर नसतो. मासा पळाला की मूठ उलटी गरागरा फिरते आणि बोटं मध्ये आली तर सोलवटतात. हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी सोलवटली. दोन खडकांच्या मधल्या प्रवाहात माझ्या रॉडचं टोक दोनदा हललं, मग जे खाली गेलं ते पाण्यातच. "थांब, थांब, थांब... आता!" वेड ओरडला. पुढचा वेळ मी सांगू शकत नाही, कारण मी तिथं नव्हतो, मी त्या लाइनच्या टोकाला होतो. गॉर्ड आपली लाइन गुंडाळून माझ्या जॅकेटचा पट्टा मागून धरून बसला होता, "पडलास तर तुझ्यामागे मी येणार नाही हां," म्हणत. जाळीत आला तेव्हा दिसला तो: पाठ हिरवट काळी, बाजू नव्या नाण्यासारखी, बावीस पौंड. वेडनं मोजला, मी नोंद केली, आणि त्यानं रेडिओवर सांगितलं: सीझनचा पहिला चिनूक, बोट तीन.

बाकीच्या बोटींवरून भोंगे वाजले. माझ्या वयाच्या माणसाला भोंग्यांनी रडू येऊ नये.

हळद-मीठ

जेटीवर परत आलो तर मासे साफ करायच्या टेबलावर कोणी नव्हतं. वेड पेट्रोल भरायला गेला, गॉर्ड वॉशरूमला. मासा टेबलावर, आणि मी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून केतकी दिसत होती, एकटी, पाव काढत होती, बटाटे गाळत होती. एवढ्या माणसांचं जेवण, त्यात हा बावीस पौंडाचा मासा तिला साफ करावा लागणार. बापाच्या मनात काय येईल?

माझी सुरी कमरेला होती. मी खवलं काढली, पोट धुतलं, शेपूट आणि पर छाटून जेटीवरून खाली टाकले, डोकं उभं चिरून दोन केलं, आणि काट्यासकट आडव्या तुकड्या पाडल्या. आमच्या अष्टागरात सुरमईच्या पाडतात तशा, एकसारख्या, अंगठ्याएवढ्या जाड. एकीचीही जाडी कमीजास्त नाही. मग खोलीतून पुरचुंडी आणून तुकड्यांना हळद-मीठ चोळलं. मासा कापला की हळद-मीठ लावायचं, हे विचारून करायची गोष्टच नाही. आमच्याकडे हात धुण्याआधी ते होतं. ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खुशीत.

केतकीनं ट्रेकडे पाहिलं. पिवळ्याधमक तुकड्या. तिनं हातातला पाव खाली ठेवला.

"बाबा, हा पहिला मासा आहे?"

"मीच धरला."

"हा... हा असा का कापलास?"

तेव्हा तिनं सांगितलं. पहिल्या चिनूकचा सांगाडा अखंड ठेवायचा. दोन्ही बाजूंनी मांस असं सोडवायचं की डोक्यापासून शेपटीपर्यंत काटा एक राहतो. मांस सगळ्यांनी खायचं आणि सगळी हाडं, एकूण एक, सीडरच्या फांदीवर ठेवून पाण्याला परत द्यायची. डोरीनच्या आईची रीत, तिच्या आजीची रीत. मासा पूर्ण परत गेला तर पुढच्या वर्षी तो बाकीच्यांना घेऊन येतो. यंदा डोरीननं प्रथमच ते काम घरच्या माणसाबाहेर दिलं होतं. केतकीनं गेला आठवडाभर फ्रीझरमधल्या माशांवर सराव केला होता. ट्रायल म्हणतात ती हीच होती. सूप नि पाव नव्हे.

मग तिनं मराठीत, हळू आवाजात विचारलं, "हे मुद्दाम केलंस?"

नव्हतं केलं. पण 'नाही' म्हणायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त लागला. कारण ती परत यावी असं मला वाटत होतं हे ती जाणून होती, सुनंदा जाणून होती, आणि विमानातली ती रिकामी सीट मी मनातल्या मनात किती वेळा भरली होती हे मी जाणून होतो.

"नाही," मी म्हणालो. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

मागून डोरीन आली होती. तिनं ट्रे पाहिला. बोटानं एक तुकडी उलटी केली.

"हे पिवळं काय?"

"टर्मरिक," केतकी म्हणाली.

"निघतं?"

"नाही."

डोरीननं पिवळं झालेलं बोट एप्रनला पुसलं. एप्रनही पिवळा झाला. "आई असती तर हसली असती की मारलं असतं, सांगता येत नाही," ती म्हणाली. मी बोलायला तोंड उघडलं, सगळा दोष माझा, मुलीला ठाऊकच नव्हतं, वगैरे. डोरीननं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती केतकीला म्हणाली, "किचन तुझं आहे. आता काय करायचं ते तू सांग."

मला वाटलं केतकी रडेल. लहानपणी सायकलवरून पडली तरी आधी माझ्याकडे बघायची. तिनं माझ्याकडे बघितलं, पण वेगळ्या कारणासाठी.

"गेस्टनी किचनमध्ये थांबायचं नसतं," ती म्हणाली. "आणि पुरचुंडी ठेवून जा."

जेवण

मी गेस्टसारखा बसलो. आयुष्यात इतकं कठीण काम केलेलं नाही. आतून फोडणीचा वास आला तेव्हा पाय आपोआप उठायला लागले; गॉर्ड म्हणाला, "बस ना, मुलगी तुझी आहे, आग विझवायचा बंब नाहीयेस तू."

केतकीनं जेवण वाढायच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. लपवलं काही नाही, आणि माझ्यावर ढकललंही नाही. "आजचा मासा माझ्या स्वयंपाकघरात यायला हवा होता तसा आला नाही. तो काट्यासकट कापला गेलाय. म्हणून मी तो काट्यासकटच केलाय, जिथं असा खातात तिथल्या पद्धतीनं. एक विनंती आहे, आणि ती विनंती नाही: प्रत्येक काटा, केसाएवढाही, मधल्या ताटात यायला पाहिजे. एकही खाली टाकायचा नाही."

मग आल्या तळलेल्या तुकड्या, तांदळाच्या पिठात घोळवलेल्या. सामन स्वतःचंच तेल सोडतो, तव्यावर जेमतेम थेंबभर पुरतं. हे तिला कळलं होतं. आणि डब्यातल्या नारळाच्या दुधात आमसुलं घालून केलेलं पातळ कालवण, त्यात डोकं. मी चव घेतली. सुनंदाच्या कालवणापेक्षा मिठाला किंचित कमी. कारण तुकड्यांना मी लावलेलं मीठ तिनं हिशेबात धरलं होतं. मी कधीच धरत नाही.

गॉर्ड काट्यासमोर हात वर करून बसला होता. "मी गाय बाळंत करू शकतो, पण हे नाही."

"जिभेनं शोध," मी म्हणालो. "दातांनी घाई करू नको. जीभ सांगते."

"माझी जीभ साठ वर्षांत एवढं काही शिकली नाही."

पण शिकला. सगळेच शिकले. फिलेवर, म्हणजे बिनकाट्याच्या मांसावर, वाढलेली माणसं ती. एकेक काटा ओठांतून काढून दोन बोटांत उजेडाकडे धरून बघायची आणि पदक मिळाल्यासारखी मधल्या ताटात ठेवायची. टेबलाच्या टोकाला बसलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हा बघा, माझा सर्वांत लहान!" डोरीन जेवत होती. तिनं कालवण दुसऱ्यांदा घेतलं. मी ते पाहिलं. केतकीनंही.

जेवण झाल्यावर बाहेर अजून लख्ख उजेड होता. तिकडे त्या दिवसांत सूर्याला घरी जायची घाई नसते. केतकी ते मोठं ताट घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"बाबा, हे तुझं काम. पुन्हा मासा कर."

मी चष्मा पुसला. टेबलावर मेणकापड पसरलं. आधी मणके. डोक्याकडचे आखूड आणि रुंद, मागे जातील तसे बारीक होत जातात; सुरीनं दोन झालेले होते ते ओळखणं सोपं, माझी सुरी उजवीकडे जराशी तिरकी चालते, त्यामुळे प्रत्येक अर्ध्याला आपला अर्धा भेटत गेला. मग बरगड्या, त्यांचा बाक बघून डावी-उजवी. डोक्याची दोन शकलं. समोर डोरीन येऊन बसली, बाजूला केतकी. केतकी मध्येच एखादी बरगडी उचलून पलीकडे ठेवायची. दोनदा तिचं बरोबर होतं. एकदा माझं.

शेवटी तो तिथं पडला होता, हाडांचा, डोक्यापासून शेपटीच्या अलीकडपर्यंत. पण शेपूट नव्हती. परही नव्हते.

"ते मी जेटीवरून खाली टाकले," मी म्हणालो. "पाण्यात. साफ करताना."

केतकीनं डोळे मिटले.

डोरीन त्या हाडांकडे बघत राहिली, आणि मग तिच्या खांद्यांना गदगदून हसू आलं. "म्हणजे शेपूट आधीच घरी पोचली," ती म्हणाली. "बाकीचा उशिरा येतोय म्हणून सांगायला."

सीडरच्या फांद्यांवर हाडं ठेवून डोरीन आणि केतकी लहान होडीत बसल्या. मला कोणी बोलावलं नाही आणि ते योग्य होतं. मी तराफ्याच्या कडेला उभा राहिलो. खाडीच्या मध्यावर होडी थांबली. डोरीन काहीतरी म्हणाली, ते इथपर्यंत आलं नाही. मग केतकीनं फांदी पाण्यावर ठेवली, सोडली असं नाही, ठेवली, झोपलेलं मूल गादीवर ठेवतात तशी.

बाकीचे दिवस

पुढचे दिवस पाऊस, धुकं, पाऊस. मासे मिळाले. गॉर्डला माझ्यापेक्षा मोठा मिळाला आणि त्यानं तो विषय एकदाही सोडला नाही. रेनकोट लॉजचाच घाला, आपले शहरी रेनकोट म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण. मळमळणाऱ्यांनी आलं चघळावं. पकडलेले मासे तिथं फिले करून, व्हॅक्यूम करून, गोठवून देतात. त्या टेबलापाशी मी पुन्हा गेलो नाही. गेलो असतो तरी वेडनं माझी सुरी कुठंतरी ठेवून दिली होती.

निघायच्या आदल्या दुपारी मी जेटीवर बसलो होतो. आत ऑफिसात डोरीन रेडिओवर विमानवाल्यांशी बोलत होती, दार उघडं. "उद्याच्या फेरीत एक सीट कमी करा," ती म्हणाली. "हो, आमच्या कुकची. ती राहतेय." मग तिनं दारातून डोकं बाहेर काढलं, मला बघितलं. मी तिथं आहे हे तिला आधीपासून माहीत असावं.

"तेवढं वजन रिकामं झालंय," ती मला म्हणाली. "तुझी माशांची पेटी त्यात बसेल."

सकाळी केतकी जेटीवर आली ती पिठाचे हात घेऊनच. सगळ्या पाहुण्यांशी कोपरानं हात मिळवत आली. माझ्यापाशी आल्यावर मी कोपर पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि मिठी मारली. माझ्या जॅकेटच्या पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले.

"मुद्दाम नव्हतं केलं," मी म्हणालो.

"माहितीये, बाबा. मुद्दाम केलेलं तू कधी अर्धवट सोडत नाहीस, शेपूटही जपून ठेवली असतीस."

विमानात शेजारच्या सीटवर पट्टा लावून पेटी ठेवली होती. वैमानिकानं विचारलं, "ही तुमच्याबरोबर?" मी हो म्हणालो. पोर्ट हार्डीपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसलो, वळणावर घसरू नये म्हणून.

घरी

जायचं का? जा. पैसे साठवा, सीझनच्या सुरुवातीचाच आठवडा घ्या. मासे थोडे कमी, पण लॉज नुकतं जागं होत असतं आणि सगळ्यांना तुमची नावं लक्षात राहतात. मला विचाराल काय आणलं, तर फ्रीझरचा वरचा कप्पा भरलाय, बोटांची सालं नवी येतायत, आणि तुकड्या पाडायच्या आधी 'कशा हव्यात?' असं मी सुनंदाला विचारायला लागलोय. तिला वाटतं मला ताप आहे.

परवा रविवारी केतकीचा फोन आला. लॉजवर इंटरनेट धडपडतं, चित्र थांबून थांबून येतं. सामनची डोकी पाहुणे नेत नाहीत, टाकून द्यायला जिवावर येतं, काय करू, असं विचारत होती. मी खुर्ची ओढली. म्हटलं, हे बघ, आधी गलफडं पूर्ण काढायची, नाहीतर कडू होतं, मग उकळत्या पाण्यात न घालता गार पाण्यापासून...

"बाबा, बोटी आल्या," ती म्हणाली. "नंतर." चित्र तोंड उघडं असतानाच थिजलं आणि गेलं.

सुनंदानं ओट्याजवळून विचारलं, "काय म्हणत होती?"

"कामात आहे," मी म्हणालो.

गेली कित्येक वर्षं घरचा फोन वाजला आणि मी मशिनात डोकं घालून असलो की सुनंदा पलीकडच्याला हेच सांगत आलीय: कामात आहेत ते. मला वाटायचं ती मला वाचवते. ती मिरवत होती, हे मला त्या रविवारी कळलं.